निर्वासितांचा दावा आणि देशांतर्गत स्थलांतराचा पर्याय

प्रस्तावना

परदेशात आश्रय मागणाऱ्या माणसाला तेथील अधिकारी अनेक प्रश्न विचारतात. तो कोठून आला, त्याला कोणाची भीती वाटते, ती कशामुळे निर्माण झाली, त्याच्याजवळ पुरावा कोणता आहे, हे प्रश्न अपेक्षितच असतात. परंतु या सर्व प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यानंतरही आणखी एक प्रश्न शिल्लक राहतो. तुमच्या गावी तुमच्या जिवाला धोका आहे हे मान्य. मग तुम्ही आपल्याच देशातील दुसऱ्या एखाद्या शहरात जाऊन का राहत नाही? ज्याची हकीकत खरी ठरली आहे, ज्याची भीतीही खरी ठरली आहे, अशा माणसाचा अर्जसुद्धा केवळ या प्रश्नावर नामंजूर होऊ शकतो.

निर्वासितविषयक कायद्यात याला 'देशांतर्गत स्थलांतराचा पर्याय' असे म्हटले जाते. कॅनडात 'देशांतर्गत पलायनाचा पर्याय', तर युरोपीय संघाच्या कायद्यात 'अंतर्गत संरक्षण' हे शब्द रूढ आहेत. वरवर पाहता प्रश्न अगदी साधा व व्यवहाराचा वाटतो. गावात वैर झाले की माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन राहतो आणि तेथे पोटापाण्याची सोय लावतो. जे स्वतःच्या देशात साधते त्यासाठी परक्या देशाचे दार का ठोठवावे, असे कोणालाही वाटेल. तथापि, हा पर्याय कागदावर दाखवणे आणि तो प्रत्यक्ष जगता येणे यांत मोठे अंतर आहे. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचा उगम, तिच्या कसोट्या आणि न्यायालयांतील मतभेद यांचे विवेचन केले आहे. त्यासाठी कोलंबो, खार्टूम आणि काबूल या तीन शहरांची उदाहरणे विशेषत्वाने घेतली आहेत. या तिन्ही शहरांना एकेकाळी सुरक्षित पर्याय म्हणून पुढे करण्यात आले होते.

व्याख्या आणि संकल्पनेचा उगम

निर्वासित कोणाला म्हणावे याची आंतरराष्ट्रीय व्याख्या जिनिव्हा येथे २८ जुलै १९५१ रोजी संमत झालेल्या करारात आढळते. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाचपैकी एखाद्या कारणावरून छळ होईल अशी साधार भीती ज्याला आहे, जो आपल्या देशाबाहेर आहे आणि त्या देशाचे संरक्षण ज्याला घेता येत नाही, अथवा भीतीमुळे जो ते घेऊ इच्छित नाही, तो निर्वासित होय. मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता मर्यादित होता. १९६७ च्या पूरक कराराने ही कालमर्यादा काढून टाकली.

या व्याख्येत देशांतर्गत स्थलांतराचा उल्लेख नाही. तो अर्थ लावून पुढे आणला गेला आहे. 'त्या देशाचे संरक्षण घेता येत नाही' हे शब्द त्याला आधार देतात. आंतरराष्ट्रीय संरक्षण ही पर्यायी व्यवस्था आहे. स्वतःचे राज्य संरक्षण देण्यास असमर्थ किंवा नाखूश असेल तेव्हाच दुसऱ्या राज्याची जबाबदारी सुरू होते. मग देशाच्या एका भागात धोका असला, पण दुसऱ्या भागात खरोखरीचे संरक्षण मिळत असले, तर परराज्याने आश्रय देण्याची गरज राहत नाही, असा हा युक्तिवाद आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्त कार्यालयाने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हस्तपुस्तिकेतील परिच्छेद ९१ मध्ये या विषयाचा उल्लेख आहे. छळाची भीती संपूर्ण देशभर असलीच पाहिजे असे नाही. देशाच्या दुसऱ्या भागात आसरा घेता आला असता एवढ्याच कारणावरून कोणाचा दर्जा नाकारू नये, जर सर्व परिस्थिती पाहता त्याच्याकडून तशी अपेक्षा करणे वाजवी नसेल तर, असा त्याचा आशय आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हा परिच्छेद अर्जदाराच्या रक्षणासाठी लिहिला गेला होता. पुढील दोन दशकांत मात्र तोच विचार अर्ज नाकारण्याचे साधन म्हणून वापरला जाऊ लागला.

असे होण्यास कारणही तसेच होते. पहिल्या काही दशकांत पाश्चात्य देशांत येणारे बहुतेक निर्वासित साम्यवादी राजवटींतून पळालेले होते. तेथे छळ करणारे स्वतः राज्यच होते आणि त्याचा हात देशभर पोहोचत होता. १९८० च्या दशकात यादवी युद्धांनी ग्रासलेल्या देशांतून माणसे येऊ लागली. या युद्धांत सशस्त्र संघटना, टोळ्या, वांशिक गट यांचाही छळ करणाऱ्यांत समावेश होता आणि त्यांचे वर्चस्व देशाच्या काही भागापुरते असे. साहजिकच 'उरलेल्या भागाचे काय?' हा प्रश्न पुढे आला. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ अर्जदारांच्या खटल्यांत तो सर्वांत ठळकपणे उपस्थित झाला.

कोलंबो आणि दोन पायऱ्यांची कसोटी

जुलै १९८३ मध्ये कोलंबोसह श्रीलंकेच्या अनेक भागांत तमिळांवर भीषण हल्ले झाले आणि त्यानंतर सुरू झालेले युद्ध मे २००९ पर्यंत चालले. उत्तरेतील जाफना परिसरात तमिळ वाघांच्या संघटनेचा जोर होता. तेथील तरुणांना एका बाजूने संघटनेच्या सक्तीची, तर दुसऱ्या बाजूने लष्कराच्या संशयाची भीती होती. अशा तरुणांनी कॅनडात आश्रय मागितला तेव्हा त्यांना विचारले गेले की, कोलंबो राजधानी आहे, तेथे तमिळांची मोठी वस्ती आहे. तेथे का राहिला नाहीत?

कॅनडाच्या संघीय अपील न्यायालयाने १९९१ च्या रासारत्नम खटल्यात यासाठी दोन पायऱ्यांची कसोटी घालून दिली. पहिली पायरी अशी की, सुचवलेल्या ठिकाणी अर्जदाराचा छळ होण्याची गंभीर शक्यता नसावी. दुसरी अशी की, त्याची सर्व परिस्थिती पाहता त्याने तेथे जाऊन राहावे ही अपेक्षा वाजवी असावी. दोन्ही पायऱ्या ओलांडल्या गेल्या तरच पर्याय आहे असे म्हणता येते. शिवाय हा मुद्दा विचारात घेतला जाणार आहे याची सूचना अर्जदाराला आधी मिळाली पाहिजे, असेही न्यायालयाने सांगितले. अन्यथा त्याला उत्तर देण्याची संधीच राहत नाही.

१९९३ च्या तिरुनावुक्करसू खटल्यात त्याच न्यायालयाने 'वाजवी' या शब्दाचा अधिक खुलासा केला. अर्जदाराने लढाई चाललेल्या रेषा ओलांडून जावे किंवा डोंगरातील गुहेत, वाळवंटात अथवा जंगलात लपून राहावे, अशी अपेक्षा करता येणार नाही. मात्र दुसऱ्या शहरात नातेवाईक नाहीत, मनाजोगे काम मिळणार नाही, एवढी कारणेही पुरेशी नाहीत. २००० मध्ये तर या न्यायालयाने अट आणखी कडक केली. सुचवलेल्या ठिकाणची परिस्थिती अर्जदाराच्या जीविताला व सुरक्षिततेला धोका निर्माण करणारी आहे, हे ठोस पुराव्याने दिसले पाहिजे, असे त्याने म्हटले. ब्रिटनच्या अपील न्यायालयाने १९९७ मध्ये, तेही कोलंबोच्याच संदर्भात, वेगळा शब्दप्रयोग वापरला. त्या ठिकाणी जाऊन राहणे अर्जदारासाठी अवाजवी जाचाचे होईल काय, असा प्रश्न विचारावा, असे त्या न्यायालयाचे मत होते.

कोलंबोतील जीवन मात्र साधे नव्हते. उत्तरेकडून आलेल्या तमिळांना पोलिसांकडे नोंद करावी लागे; झडत्या व धरपकड यांचा ससेमिरा मागे असे. जून २००७ मध्ये शहरातील लॉजमध्ये राहणाऱ्या पावणेचारशेच्या आसपास तमिळांना पोलिसांनी बसगाड्यांत बसवून शहराबाहेर धाडले. त्यांतील बहुतेकांना उत्तरेकडील वावुनियाकडे नेण्यात आले. श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी या कारवाईला अंतरिम स्थगिती दिली. ज्या शहरात जाऊन राहा असे परदेशी न्यायाधिकरणे सांगत होती, त्या शहरातूनच माणसे त्यांच्या ओळखीमुळे काढून दिली जात होती.

पोहोचता येते काय?

उच्चायुक्त कार्यालयाने २३ जुलै २००३ रोजी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतही दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात हा पर्याय मुळात विचारात घेण्याजोगा आहे काय ते पाहायचे. दुसऱ्या टप्प्यात तो वाजवी आहे काय ते तपासायचे.

पहिल्या टप्प्यात तीन बाबी येतात. सुचवलेला भाग प्रत्यक्षात, सुरक्षितपणे आणि कायदेशीरपणे गाठता येतो काय? छळ करणारे राज्य आहे की अन्य कोणी? आणि तेथे नव्याने छळ किंवा अन्य गंभीर इजा होण्याचा धोका आहे काय? छळ करणारे स्वतः राज्य असेल तर देशात कोठेही संरक्षण मिळणार नाही असे सर्वसाधारणपणे गृहीत धरावे, अशी या तत्त्वांची भूमिका आहे.

'कायदेशीरपणे' या शब्दाचे महत्त्व म्यानमारच्या रोहिंग्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. तेथील १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतील बहुसंख्यांना नागरिकत्वापासून वंचित केले आणि राखाइन प्रांतात त्यांच्या येण्याजाण्यावर कडक निर्बंध घालण्यात आले. एका तालुक्यातून दुसरीकडे जाण्यासाठी ज्याला परवाना लागतो, त्याला यांगूनमध्ये जाऊन राहा असे सांगण्यात काहीच अर्थ नाही. देशांतर्गत स्थलांतराचा पर्याय नसणे म्हणजे काय, हे हैदराबादच्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे अनेक वर्षांपासून रोहिंग्या कुटुंबे राहत आहेत.

मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयानेही जानेवारी २००७ मध्ये, सोमालियातील एका अल्पसंख्य गटाच्या अर्जदाराच्या प्रकरणात, हाच धागा पकडला. ज्या भागात पाठवायचे तेथे त्या माणसाला प्रवास करता आला पाहिजे, प्रवेश मिळाला पाहिजे आणि स्थायिक होता आले पाहिजे. त्याशिवाय या पर्यायाचा आधार घेता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. सोमालियाचे उत्तरेकडील भाग तुलनेने शांत होते हे खरे. परंतु तेथे ज्यांच्या कुळाचे कोणी नाही त्यांना थारा मिळेलच अशी शाश्वती नव्हती.

युरोपीय संघाच्या कायद्यातही असाच बदल घडला. २००४ च्या निर्देशात, परत जाण्यात तांत्रिक अडथळे असले तरी हा पर्याय लागू करता येईल, अशी तरतूद होती. २०११ च्या सुधारित निर्देशातून ती वगळण्यात आली. त्या भागात सुरक्षितपणे व कायदेशीरपणे जाता येणे, प्रवेश मिळणे आणि तेथे स्थायिक होण्याची अपेक्षा वाजवी असणे या अटी त्यात स्पष्टपणे घालण्यात आल्या.

खार्टूम आणि 'वाजवी' या शब्दाचा अर्थ

सर्वांत मोठा मतभेद दुसऱ्या टप्प्याविषयी आहे. नव्या ठिकाणी छळ होणार नाही. पण जगणे कसे असेल? आणि ते कशाशी ताडून पाहायचे?

एका मतानुसार, निर्वासितांना १९५१ च्या करारानुसार जे मूलभूत हक्क मिळतात त्या दर्जाचे संरक्षण सुचवलेल्या ठिकाणी मिळत असेल तरच पर्याय मान्य करावा. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात प्रा. जेम्स हॅथवे यांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये तयार झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत हे मत मांडले आहे आणि न्यूझीलंडने ते स्वीकारले. 'स्थलांतरा'पेक्षा 'संरक्षण' या शब्दावर त्यात भर आहे.

ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने फेब्रुवारी २००६ च्या जानुझी खटल्यात हे मत नाकारले. त्या काळी हीच सभा ब्रिटनचे सर्वोच्च न्यायपीठ होती. लॉर्ड बिंगहॅम यांच्या निकालाचा सारांश असा की, त्या देशातील सर्वसाधारण जीवनमान लक्षात घेऊन अर्जदाराला तेथे तुलनेने सामान्य आयुष्य जगता येईल काय, हे पाहावे. श्रीमंत देशांतील हक्कांशी तुलना करू लागलो तर, केवळ गरीब देशात जन्मलेला माणूसही निर्वासित ठरेल आणि कराराचा तो हेतू नव्हता. छळ करणारे राज्य असेल तर पर्याय नाहीच असे सरसकट गृहीत धरण्यासही त्यांनी नकार दिला. राज्याचा सहभाग किती प्रत्यक्ष आहे यानुसार प्रकरणे कमीअधिक गंभीर असतात, असे त्यांचे मत होते.

याच निकालात सुदानच्या दारफुर प्रांतातील तीन अर्जदारांची प्रकरणेही होती. २००३ पासून दारफुरमध्ये सरकार-पुरस्कृत टोळ्यांनी बिगर-अरब जमातींची गावे उद्ध्वस्त केली होती. या अर्जदारांनी खार्टूमला जाऊन राहावे असा मुद्दा होता. न्यायपीठाने ही प्रकरणे फेरविचारासाठी परत पाठवली. नोव्हेंबर २००७ मध्ये दारफुरच्या शेतकऱ्यांचे आणखी एक प्रकरण त्याच न्यायपीठापुढे आले. स्वतःच्या शेतावर पोट भरणाऱ्या माणसाने राजधानीच्या कडेला असलेल्या विस्थापितांच्या छावणीत किंवा झोपडवस्तीत दिवस काढावेत ही अपेक्षा वाजवी आहे काय, असा प्रश्न होता. अपील न्यायालयाने अर्जदारांच्या बाजूने कौल दिला होता. हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फिरवला. मात्र 'अवाजवी जाच' म्हणजे अमानुष वागणुकीइतकीच तीव्र अवस्था नव्हे. दोन्ही कसोट्या वेगळ्या आहेत आणि प्रत्येक अर्जदाराचा विचार त्याच्या परिस्थितीनुसार झाला पाहिजे, हेही स्पष्ट केले.

दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, ब्रिटनच्या न्यायाधिकरणाने मार्गदर्शक निर्णयाद्वारे आपली दिशा बदलली. दारफुरमधील सर्व बिगर-अरब लोकांना तेथे छळाचा धोका आहे आणि सुदानच्या अन्य भागात त्यांनी जाऊन राहावे ही अपेक्षा करता येणार नाही, असे त्यात नमूद झाले. दोन वर्षांपूर्वी ज्यांना खार्टूम दाखवण्यात आले होते त्यांच्यासारख्याच माणसांना आता ते दाखवता येणार नव्हते.

१९६९ चा आफ्रिकी करार या संदर्भात उल्लेखनीय आहे. देशाच्या 'एखाद्या भागात किंवा संपूर्ण देशात' सार्वजनिक व्यवस्था गंभीरपणे बिघडल्यामुळे पळावे लागलेल्यांनाही तो निर्वासित मानतो. साहजिकच त्या व्याख्येत देशांतर्गत पर्यायाच्या प्रश्नाला फारशी जागा उरत नाही. दारफुरचा माणूस शेजारच्या चाड देशात गेला तर एक कसोटी आणि लंडनला पोहोचला तर दुसरी, असा हा भेद आहे.

ओळख लपवून जगण्याची अट

स्थलांतराचा पर्याय दाखवताना कधीकधी एक अट न बोलता घातली जाते. नव्या शहरात गप्प राहिलात तर तुम्हाला कोणी त्रास देणार नाही, ही ती अट. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयासमोर २००७ मध्ये युक्रेनमधील एका पत्रकाराचे प्रकरण आले. राजकीय लेखनामुळे त्याला त्रास झाला होता. देशाच्या दुसऱ्या भागात जाऊन त्याने पत्रकारिता सोडून दुसरे काम करावे, असे न्यायाधिकरणाने सुचवले होते. उच्च न्यायालयाने हा विचार चुकीचा ठरवला. ज्या मतामुळे छळ झाला ते मत व्यक्त करणे सोडून द्यावे, ही अपेक्षा वाजवी स्थलांतराची नव्हे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१० मध्ये इराण व कॅमेरूनमधील समलिंगी अर्जदारांच्या प्रकरणांत हेच तत्त्व पुढे नेले. छळाच्या भीतीने ओळख लपवावी लागणे ही सुरक्षितता नव्हे, असे त्याचे सार आहे.

एकट्या स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. हाउस ऑफ लॉर्ड्सने मार्च १९९९ मध्ये पाकिस्तानातील दोन स्त्रियांना निर्वासित मानले. पतीच्या हिंसाचाराने त्यांना घर सोडावे लागले होते आणि व्यभिचाराच्या आरोपाची टांगती तलवार त्यांच्यावर होती. अशी स्त्री दुसऱ्या शहरात गेली तरी घर भाड्याने घेताना, काम शोधताना, मुलांना शाळेत घालताना 'पती कोठे आहे?' हा प्रश्न तिचा पाठलाग करतो. पुरुषाला जे शहर पर्याय ठरते ते तिला ठरेलच असे नाही. म्हणूनच वय, लिंग, प्रकृती, शिक्षण, भाषा, कौटुंबिक आधार, पूर्वी सोसलेल्या छळाचा मनावरील परिणाम या गोष्टी तपासणे आवश्यक मानले जाते.

सिद्ध कोणी करायचे?

पर्याय आहे हे कोणी सिद्ध करायचे यावरही एकमत नाही. उच्चायुक्त कार्यालयाच्या मते जो हा मुद्दा उपस्थित करतो त्याने ठिकाणाचे नाव सांगावे आणि ते ठिकाण योग्य असल्याचे दाखवावे. कॅनडात मुद्दा उपस्थित झाल्यावर पर्याय नाही हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदारावर येते. अमेरिकेत २००१ मध्ये अमलात आलेल्या नियमांनी मधला मार्ग काढला. पूर्वी छळ झाल्याचे सिद्ध झाले असेल किंवा छळ करणारे सरकारच असेल, तर जबाबदारी सरकारी पक्षावर टाकण्यात आली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या नव्या नियमावलीत, छळ करणारे राज्य नसेल अशा प्रकरणांत या पर्यायाची तपासणी करणे अधिकाऱ्यांवर बंधनकारक केले आहे. नियमावली लागू होण्याची तारीख १ जुलै २०२६ अशी ठरवण्यात आली. ब्रिटननेही २०२२ च्या कायद्यातील कलम ३५ द्वारे हा पर्याय थेट कायद्यात आणला.

ठिकाणाचे नाव सांगण्याचा आग्रह क्षुल्लक नाही. 'देश मोठा आहे, कोठेही राहता येईल' या विधानाला कोणी उत्तर देऊ शकत नाही. विशिष्ट शहर समोर ठेवले तरच तेथील भाडे, भाषा, रोजगार, पोलिसांची पद्धत आणि शत्रूचा हात तेथवर पोहोचतो की नाही यांविषयी पुरावा देता येतो.

भारतीय अर्जदारांच्या बाबतीत याचा प्रत्यय येतो. पंजाबमधून कॅनडात गेलेल्या अनेकांना दिल्ली, मुंबई यांसारखी शहरे पर्याय म्हणून दाखवण्यात आली आहेत. देशात कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने दिले आहे, हा त्यामागचा एक आधार. मग वाद शोध घेण्याच्या क्षमतेवर येतो. स्थानिक पोलीस किंवा खाजगी शत्रू मुंबईत त्या माणसाला शोधू शकतील काय? भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात देण्याची पद्धत आणि पोलीस ठाण्यांना जोडणारी संगणकीय यंत्रणा यांची चर्चा या प्रकरणांत होते. मुंबईकराला भाडेकराराच्या वेळची किरकोळ कटकट वाटणारी ही नोंद तेथे एखाद्याच्या दाव्याचा निर्णायक मुद्दा बनते.

काबूल आणि काळाचा प्रश्न

तिसरे शहर काबूल. अफगाणिस्तानातील प्रांतांत तालिबानची भीती असलेल्या तरुणांनी राजधानीत राहावे, हा युरोपातील अनेक निर्णयांचा आधार होता. ब्रिटनच्या वरिष्ठ न्यायाधिकरणाने २०१८ च्या मार्गदर्शक निर्णयात म्हटले की, निरोगी, एकट्या, प्रौढ पुरुषाने काबूलमध्ये राहावे ही अपेक्षा, तेथे त्याचे कोणी नसले तरीही, सर्वसाधारणपणे अवाजवी नाही. त्याच वर्षी ३० ऑगस्टला उच्चायुक्त कार्यालयाने नेमके उलट मत दिले. सुरक्षा, मानवी हक्क आणि मदतीची परिस्थिती पाहता काबूल हा पर्याय सर्वसाधारणपणे उपलब्ध नाही, असे त्याने जाहीर केले. शहर एक, वर्ष एक आणि निष्कर्ष दोन.

ब्रिटिश निर्णयात आकड्याची एक चूकही निघाली. काबूलमधील हिंसाचारात बळी पडलेल्या व जखमी झालेल्या नागरिकांचे लोकसंख्येशी प्रमाण ०.०१ टक्क्यापेक्षा कमी असे लिहिले गेले होते. प्रत्यक्षात ते ०.१ टक्क्याच्या जवळपास होते. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने या कारणावरून प्रकरण परत पाठवले. २०२० मध्ये न्यायाधिकरणाने पुन्हा विचार केला आणि निष्कर्ष बहुतांशी पूर्वीचाच ठेवला.

५ ऑगस्ट २०२१ रोजी सहा युरोपीय देशांनी युरोपीय आयोगाला पत्र लिहून अफगाणांना परत पाठवणे थांबवू नये असा आग्रह धरला. त्यानंतर दहा दिवसांनी, १५ ऑगस्टला, तालिबानने काबूलमध्ये प्रवेश केला. ज्याच्या भीतीने माणसे काबूलला जाणार होती तोच आता काबूलचा सत्ताधारी झाला. खार्टूमचीही गत वेगळी झाली नाही. १५ एप्रिल २०२३ रोजी लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यातील लढाईला राजधानीतच तोंड फुटले आणि पुढे सुदानमधील एक कोटीहून अधिक लोक विस्थापित झाले. एकेकाळी आसऱ्याचे ठिकाण म्हणून दाखवलेल्या शहरातून लोक जीव घेऊन पळाले.

भविष्यातील प्रत्येक युद्ध न्यायाधीशाला आधी दिसावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु पर्यायी ठिकाणची सुरक्षितता टिकाऊ असली पाहिजे, हे तत्त्व उच्चायुक्त कार्यालयाने पूर्वीच मांडले होते. ज्या शहराची शांतता परदेशी सैन्यावर किंवा दोन सेनाप्रमुखांच्या समझोत्यावर अवलंबून आहे त्याला टिकाऊ म्हणावे काय, हा प्रश्न निर्णयाच्या वेळी विचारता येण्याजोगा होता.

समारोप

देशांतर्गत स्थलांतराचा विचार मुळातच चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. आश्रयाची क्षमता मर्यादित आहे आणि ज्याला स्वतःच्या देशात खरोखर संरक्षण मिळू शकते त्याने ते घ्यावे, हे न्याय्यच आहे. तथापि, वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. हा विचार आधी अर्जदाराची मूळ भीती ठरवून, मग शेवटी व्हावा. ठिकाणाचे नाव सांगितले जावे. तेथे कायद्याने जाता येते काय, हे पाहिले जावे. शहर सरासरी माणसाला राहण्याजोगे आहे काय एवढ्यावर न थांबता, समोर बसलेल्या माणसाला, त्याच्या भाषेसह, कुटुंबासह आणि मतांसह, ते राहण्याजोगे आहे काय, असे विचारले जावे. आणि त्या शहराची आजची शांतता कशावर उभी आहे, हेही तपासले जावे.

कोलंबो, खार्टूम आणि काबूल यांविषयीच्या निर्णयांत विद्वत्तेची कमतरता नव्हती. तरीही प्रत्येक ठिकाणी नकाशावरील शहर आणि जगण्याचे शहर यांत फरक राहिला. त्या फरकाचे परिणाम निर्णय देणाऱ्यांच्या वाट्याला येत नाहीत. ज्याला परत पाठवले जाते त्याच्या वाट्याला येतात. करारातील अनुच्छेद ३३ निर्वासिताला जेथे त्याच्या जीविताला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तेथे पाठवण्यास मनाई करतो. देशांतर्गत पर्यायाचा निष्कर्ष चुकला तर नेमकी हीच मनाई मोडली जाते. म्हणूनच 'दुसऱ्या शहरात का राहत नाही?' हा प्रश्न विचारणाऱ्यावर त्या शहराची पूर्ण माहिती घेण्याची जबाबदारीही येऊन पडते.